व्हीलचेअर घेण्याआधी शाळेच्या संडासाचं दार मोजा

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय. थोडक्यात प्रश्न असा: "आम्ही ऑफिसातले बारा जण मिळून दरवर्षी साधारण दीड लाख रुपये बाजूला काढतो. यंदा ते दिव्यांग मुलींच्या शिक्षणासाठी द्यायचं ठरलंय. ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, व्हीलचेअर वाटप करावं असं बहुतेकांचं मत. काहींना वाटतं एखाद्या विशेष शाळेला देणगी द्यावी. माझ्या घरी कामाला येणाऱ्या मावशी दिघ्याला इलठणपाड्यात राहतात. त्यांची पुतणी बारा वर्षांची आहे, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही) आहे, सहावी झाली आणि घरीच बसली. धाकटा भाऊ इंग्लिश मीडियमला जातो. तिच्यापासून सुरुवात करावी का? आणि पैसे नेमके कशावर घालावेत?"

ताई, तिच्यापासूनच सुरुवात करा. आणि व्हीलचेअर वाटप करू नका. हे जरा तोडून बोलल्यासारखं वाटेल, पण मी स्वतः वाटप करून, हात पोळून घेतलेली बाई आहे. चोवीस वर्षं विशेष शिक्षिका म्हणून काम करते. आधी ठाण्यात एका विशेष शाळेत, मग फिरती, कळवा-विटावा-दिघा पट्ट्यात. वस्तीत मला 'टीचर' म्हणतात आणि आमच्या मुलींना 'तशी'. "टीचर, पलीकडच्या गल्लीत पण एक तशी आहे." दिव्यांग हा शब्द फॉर्मवर असतो.

सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एका सभागृहात चाळीस खुर्च्या वाटल्या. नारळ, हार, फोटो, सगळं झालं. चार महिन्यांनी मी त्यातल्या अकरा घरी जाऊन आले. एका घरी खुर्चीवर गोधड्या वाळत होत्या. एका घरी तिच्यावरून नळावरचे पाण्याचे कॅन वाहत होते. चाकं आहेत म्हटल्यावर कोण सोडेल? दोघींच्या विकल्या गेल्या होत्या. रोजच्या वापरात एकच दिसली, आणि तीही मुलीच्या नव्हे, तिच्या आजोबांच्या.

चूक त्या घरांची नव्हती. सगळ्या खुर्च्या एकाच मापाच्या, मोठ्या माणसाच्या, अठरा इंची बैठकीच्या. नऊ-दहा वर्षांच्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला त्यात बसवलं की ती एका कुशीवर कलते, पाय लोंबकळतात. महिनोन् महिने तसंच बसवलं तर पाठीचा कणा वाकडा होऊ शकतो. तिला छातीला पट्टा, पायाखाली फळी, गरज पडली तर मानेला आधार, अशी मापं घेऊन बनवलेली खुर्ची लागते. शिवाय वाटपातली ती मोठी खुर्ची बाहेरून बाहेर दोन फुटांहून रुंद असते. डोंगराच्या कडेच्या वस्तीत गल्लीच तेवढी असते, मध्ये गटार, गटारावर हलणारी फरशी, मग पायऱ्या. आणि साधनं सरकारकडून मिळतात. केंद्राची एडिप योजना आहे, अलिम्को ही सरकारी कंपनी साधनं बनवते, शाळकरी मुलांची मापं घेण्यासाठी 'समग्र शिक्षा' ही शालेय शिक्षणाची सरकारी योजना शिबिरं घेते. सरकार जिथे पैसे घालतं तिथे तुमचे कशाला?

आता मुलगी शाळेतून का गळते, ते सांगते. मला ते कळायला आठ-नऊ वर्षं लागली आणि एक मुलगी हातची गेली.

कळव्याची मुलगी. दोन्ही पायांत ताठरपणा, भिंतीला धरून चालायची, डोकं लख्ख. सातवीत वर्गात तिसरी आली होती. आठवीत खाडे सुरू झाले. आधी आठवड्यातून एक, मग तीन. बाई म्हणाल्या, लक्ष उडालंय हिचं. आई म्हणाली, ताप येतो सारखा. मी दर पंधरवड्याला जाऊन तिची निबंधाची वही तपासत होते, लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करत होते. एक दिवस शाळा सुटताना तिचं दप्तर मी उचललं तर पाण्याची बाटली गच्च भरलेली. सकाळी आईने भरून दिली तशीच. म्हटलं, प्यायली नाहीस? ती आधी गप्प राहिली. मग म्हणाली, "टीचर, मी सकाळी उठल्यापासूनच पाणी पीत नाही."

शाळेत भारतीय पद्धतीचा संडास होता. तिला उकिडवं बसता येत नव्हतं. सातवीपर्यंत एक मैत्रीण तिला घेऊन जायची, समोर उभी राहून दोन्ही हात धरायची. ती मैत्रीण सातवीनंतर गावी गेली. तेव्हापासून ही रोज सहा तास लघवी धरून बसत होती. ताप यायचा तो लघवीच्या जंतुसंसर्गाचा. दोनदा औषधं झाली, तिसऱ्यांदा आईने शाळाच बंद केली. मी, तिच्या वर्गशिक्षिका, मुख्याध्यापिका, आम्ही तिघीही बायका. एकीनेही तिला विचारलं नव्हतं की बाळ, तू लघवीला कुठे जातेस?

तेव्हापासून मी कुठल्याही शाळेत गेले की आधी ऑफिसात जात नाही, मागच्या बाजूला जाते. पर्समध्ये मेजर टेप असते. दार किमान नव्वद सेंटीमीटर मोकळं उघडतं का? आत उघडतं की बाहेर? आत उघडणारं दार असेल तर खुर्ची आत गेल्यावर ते लागतच नाही, आणि मुलगी आत पडली तर बाहेरून कुणाला उघडता येत नाही. कडी किती उंचीवर? धरायला भिंतीला दांडी आहे का, आणि ती हलते का? हे शेवटचं मुद्दाम पाहा. दांड्या कागदोपत्री बऱ्याच शाळांत असतात. हाताने ओढून पाहिल्या की स्क्रू प्लास्टरसकट बाहेर येतात. कित्येक ठिकाणी 'दिव्यांगांसाठी' अशी पाटी असलेल्या संडासाला कुलूप असतं आणि आत झाडू, जुनी बाकं, निवडणुकीचं सामान. किल्ली शिपाईकाकांकडे. तेरा वर्षांची मुलगी शिपाईकाकांकडे किल्ली मागायला जाईल का, सांगा.

यावर उपाय महाग नाही, हीच चीड येणारी गोष्ट आहे. प्लास्टिकची दणकट खुर्ची घ्यायची, सुताराकडून बैठकीला गोल कापून घ्यायचं, कडा घासून घ्यायच्या, ती भारतीय भांड्यावर ठेवायची. हजारभर रुपयांत काम होतं. तयार कमोड-खुर्ची घेतली तर थोडे जास्त. स्टीलच्या दोन दांड्या, पण लावताना भिंतीत अँकर फास्टनर टाकायचे, साधे स्क्रू नाही. कडी खाली घ्यायची. एक बादली, मग, झाकणाचा डबा. गवंड्याचं एका दिवसाचं काम. रॅम्प हा मात्र वेगळा विषय आहे. त्याचा उतार एकास बारा लागतो. सहा-सहा इंचाच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची, तर रॅम्प अठरा फूट लांब हवा. शाळा सहा फुटांत उरकतात. मग ती घसरगुंडी होते. मोडका रॅम्प आणि चांगला संडास यातलं एकच निवडायची वेळ आली तर मी संडास निवडते. तीन पायऱ्या दोघीजणी मिळून चढवता येतात, दुसऱ्या गोष्टीला पर्याय नाही.

शाळा झाली, आता रस्ता. तुमच्या मावशींच्या पुतणीला डोंगरावरून खाली कोण आणत होतं, ते विचारा. नव्वद टक्के उत्तर असेल: आई, पाठीवर. मुलगी सहा वर्षांची असते तेव्हा पंधरा किलोची असते, बारा वर्षांची तीस किलोची होते. आईची कंबर जाते. पावसात शेवाळलेल्या पायऱ्यांवर एकदा दोघी पडतात आणि शाळा संपते. आता इथे मुलगा आणि मुलगी यांतला फरक बघा. अगदी असाच पायांनी अधू मुलगा असेल तर त्याला बाप उचलतो, काका उचलतो, गल्लीतली पोरं खांद्यावर टाकून क्रिकेटलासुद्धा नेतात. मुलगी नऊ-दहाची झाली की बापाचा हात आपोआप मागे येतो. "आता मोठी झाली." तिला उचलायला बाईच लागते, आणि वस्तीतल्या सगळ्या बाया सकाळी सातला कामावर निघालेल्या असतात. २०११ च्या जनगणनेत दिव्यांग पुरुषांची साक्षरता ६२ टक्के आहे आणि स्त्रियांची ४५ टक्के. त्या मधल्या सतरा टक्क्यांत अंधश्रद्धा, गरिबी, मुलगा-मुलगी भेद सगळं आहेच. पण त्यातला मोठा भाग 'उचलणार कोण' आणि 'संडासला नेणार कोण' या दोन प्रश्नांत अडकलेला आहे, असं माझं रोजच्या कामातलं मत आहे.

म्हणून तुमच्या पैशांतला मोठा वाटा एका बाईच्या पगारावर घाला. मदतनीस. वस्तीतलीच, मुलीच्या घरची माहितीतली, तब्येतीने धडधाकट. ती सकाळी मुलीला खाली आणेल, रिक्षात बसवेल, शाळेत थांबेल, मधल्या सुट्टीत संडासला नेईल, परत आणेल. एकाच शाळेत दोन-तीन मुली असतील तर एका बाईत भागतं. तिचं पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या आणि मुख्याध्यापकांकडून तिला शाळेत थांबायची लेखी परवानगी घ्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत तसा ठराव झाला तर उत्तम, कारण मुख्याध्यापक बदलतात, ठराव वहीत राहतो. पुरुष मदतनीस ठेवू नका, कितीही भला असला तरी.

सरकार यासाठी काही देतं का? देतं. समग्र शिक्षेत मदतनीस भत्ता आहे, प्रवास भत्ता आहे, अंध मुलांसाठी वाचक भत्ता आहे. विशेष गरजा असलेल्या मुलींना वेगळा प्रोत्साहन भत्ताही आहे: महिना २०० रुपये, दहा महिने, म्हणजे वर्षाला २,०००. तेवढ्यात कळवा नाक्यावरून महिन्याची रिक्षासुद्धा लागत नाही. तरीही अर्ज भरायचाच. पैशांसाठी कमी, आणि मुलीचं नाव यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीच्या, नोंदीत विशेष गरजा असलेली विद्यार्थिनी म्हणून चढावं यासाठी जास्त. नोंद झाली की विशेष शिक्षकांच्या यादीत ती येते, साधनांच्या शिबिराला बोलावणं येतं. नोंद नसेल तर ती शाळेत असूनही सरकारला दिसत नाही. भत्ता थेट खात्यात जमा होतो, म्हणून मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, ते आधी तपासा. अर्धे भत्ते तिथेच अडकतात.

खात्यानंतर येतं अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि दिव्यांगांचं ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड. ऑनलाइन अर्ज, मग अधिकृत रुग्णालयात तपासणी. कागद सोपे आहेत, चकरा सोप्या नाहीत. ज्या दिवशी तपासणीचे डॉक्टर बसतात त्या दिवशी आईचा रोज बुडतो, मुलीला रिक्षाने न्यावं लागतं, आणि तीन वाजता कळतं की एक झेरॉक्स कमी आहे. तुमच्या बारा जणांपैकी कुणी एकाने अर्ध्या दिवसाची रजा टाकून बरोबर गेलात तर ती देणगी पाच हजारांच्या चेकपेक्षा मोठी आहे. तुम्ही इंग्रजी बोलता, काउंटरवर प्रश्न विचारता. आईला आत 'थांबा' म्हटलं की ती संध्याकाळपर्यंत थांबते.

पण कागदापेक्षा अवघड अडचण वेगळीच आहे आणि ती फक्त मुलींची आहे. सेरेब्रल पाल्सी लपवता येत नाही. कमी ऐकू येणं, कमी दिसणं हे लपवता येतं. मुलाचं असेल तर आईबाप प्रमाणपत्रासाठी धावतात. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, उच्च शिक्षणात ५ टक्के जागा आहेत, पोराचं भलं होईल. मुलीचं असेल तर तेच आईबाप म्हणतात, "टीचर, कागद झाला की लग्नात आडवा येईल." घणसोलीला एक मुलगी होती, दोन्ही कानांना यंत्र. शाळेत केस मोकळे सोडायची परवानगी तिच्या आईने खास मागून घेतली होती, यंत्र झाकायला. पाहुणे आले की यंत्र डब्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेली की दीड महिना डब्यातच. जूनमध्ये परत आली की मागच्या वर्षी शिकलेले शब्द अर्धे विरलेले. मी आईशी भांडले नाही. मी तिला इतकंच विचारलं, लग्नानंतर नवरा हाक मारेल तेव्हा यंत्र कुठे असेल? ती हसली. कागद मात्र आणखी दोन वर्षांनी झाला. घाई करून चालत नाही. त्यांची भीती खोटी नाही.

आता मुख्य वय. दहा ते चौदा. तुमची मुलगी सहावीनंतर घरी बसली म्हणता, तेव्हा माझ्या डोक्यात पहिली शंका ही आली की पाळी सुरू झाली असणार, किंवा होईल या धास्तीने आधीच बसवली असणार. आईला विचारा, पण एकटीला गाठून, मावशींसमोर नको. अशा घरांत पाळीची भीती दुहेरी असते. एक, शाळेत कपडे खराब झाले तर कोण बघणार. दुसरी उघड कुणी बोलत नाही, पण ती आहे: तिच्याशी कुणी काही वाईट केलं तर तिला ओरडता येईल का, सांगता येईल का.

पहिलीवर काम करता येतं आणि ते पाळी येण्याआधी करायचं असतं, नवव्या-दहाव्या वर्षी. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींबरोबर मी हे असं करते: पॅडवर कुंकवाचं पाणी टाकायचं. तो निकरला लावायचा. मग तिने तो स्वतः काढायचा, कागदात गुंडाळायचा, डब्यात टाकायचा, हात धुवायचे, नवा लावायचा. रोज एकदा, जेवणाआधी, महिनाभर. नव्या निकरला पॅड कुठे बसतो ती रेघ दोऱ्याने शिवून द्यायची, म्हणजे उलटसुलट होत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल टिकली चिकटवायची. एका मुलीला हे जमायला पाच महिने लागले. सहाव्या महिन्यात खरी पाळी आली तेव्हा ती अजिबात घाबरली नाही. उलट आजीला बोलावून टिकली मागितली. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांना मदतनीस लागणारच, पण 'आता बदलायचंय' हे सांगायची खूण तिची स्वतःची हवी. केनियाने २०१७ मध्ये कायद्यात बदल करून शाळकरी मुलींना मोफत पॅड द्यायचं ठरवलं, चांगलंच आहे. पण पॅड बदलायला बंद होणारं दार नसेल तर त्या पॅडचा उपयोग काय, हा प्रश्न नैरोबीत आणि दिघ्यात सारखाच.

दुसऱ्या भीतीवर कुणाकडे पुरतं उत्तर नाही. मुलीला शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं शिकवा, मराठीत, कुजबुजत नव्हे. जिला बोलता येत नाही तिच्या संवादाच्या चित्रफळ्यावर तीही चित्रं हवीत. नाहीतर तिच्याकडे 'पाणी', 'भूक', 'बाहेर' एवढेच शब्द असतात आणि सांगायचं ते सांगायला शब्दच नसतो. कर्णबधिर मुलींच्या घरी कुणालाच खुणांची भाषा येत नसेल तर तीच गत. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात, २०१२ पासून, अशा मुलीचा जबाब नोंदवताना विशेष शिक्षक किंवा तिची संवादाची पद्धत जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेण्याची तरतूद आहे. आईला हे माहीत असावं.

इथे एक जुनी गोष्ट सांगणं भाग आहे, कारण आजही आया मला हळूच विचारतात, "टीचर, पिशवीच काढून टाकली तर?" १९९४ मध्ये पुण्यात शिरूरच्या वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं काढली गेली होती, पाळीची स्वच्छता राखता येत नाही या कारणाने. तेव्हा देशभर गदारोळ झाला. पाळी थांबली तरी शाळेची दारं उघडली नाहीत, अत्याचाराची शक्यता कमी झाली नाही. उलट पुरावाच राहत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम १० सांगतं की तिच्या स्वतःच्या, समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कुठलीही वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. तिच्या. आईच्या नव्हे. मी आयांना हे सांगते आणि मग कुंकवाचं पाणी करायला बसते.

विशेष शाळा की साधी, हा तुमचा उपप्रश्न. समावेशनाचे, म्हणजे सगळ्यांनी साध्या शाळेतच एकत्र शिकावं याचे, झेंडे मी खूप फडकवलेत, तरी सरसकट उत्तर देणार नाही. तुमच्या मुलीने सहावीपर्यंत साध्या शाळेत निभावलंय, म्हणजे तिने तिथेच परत जावं. बहुतेक तिच्या डोक्याला काहीच अडचण नसेल. बोलणं अस्पष्ट असलं की लोक उगाच 'समजत नाही' असं धरून चालतात. पूर्ण कर्णबधिर मुलीचं मात्र वेगळं. खुणांची भाषा येणारा शिक्षक वर्गात नसेल तर ती साध्या शाळेत नुसती बसते, वर्षानुवर्षं, फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवत. वह्या बघून पालक खूश होतात. अशीला कर्णबधिरांची शाळा आणि खुणांची भाषा, शक्य तितक्या लवकर. कानांची नीट तपासणी करायची तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. अंध मुलींसाठी दादरची कमला मेहता अंधशाळा १९०० सालापासून आहे, राहायची सोय आहे. मुरबाड-शहापूरकडच्या मुलींसाठी मी तिचा विचार करायला सांगते. अति तीव्र अपंगत्व असेल तर गृहाधारित शिक्षणाचा हक्क शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आला. पण सांभाळा: चालू शकत नाही एवढ्याच कारणाने शाळा एखादीला 'गृहाधारित' मध्ये ढकलत असेल तर ते मान्य करू नका. घरी आठवड्यातून एखादा तास शिक्षक येणं म्हणजे शाळा नव्हे; तिला मैत्रिणी हव्यात.

मुख्याध्यापकांकडे जाताना कायद्याचं पुस्तक नाचवू नका, पण माहीत असू द्या. ६ ते १४ वयाच्या मुलीला तिच्या वयाच्या इयत्तेत प्रवेश मिळतो, म्हणजे तुमची थेट सातवीत जाईल. वर्षाच्या मध्ये आली म्हणून किंवा दाखला नाही म्हणून अडवता येत नाही. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर २०१६ च्या कायद्याचं कलम ३१ अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण देतं, जवळच्या शाळेत किंवा तिच्या पसंतीच्या विशेष शाळेत. गोड बोला, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पोच घेतली की सगळ्यांचं बोलणं आपोआप गोड होतं.

दहावी अजून लांब आहे, तरी आत्ताच सांगून ठेवते: लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. अर्ज शाळेमार्फत, आणि मुंबई विभागीय मंडळाचं कार्यालय तुमच्या वाशीतच आहे. पण जो लेखनिक परीक्षेला पहिल्यांदाच भेटतो तो तिचं अस्पष्ट बोलणं ऐकून काय लिहील, देवास ठाऊक. आठवीपासून सहामाहीला लेखनिकाची सवय लावा.

आता तुमचे दीड लाख. चाळीस मुली नकोत, तीन घ्या, आणि त्याच तीन मुलींना पाच वर्षं धरून ठेवा. मदतनीस बाईला महिना ७,००० धरले तर दहा महिन्यांचे ७०,०००. तिघींना मिळून महिन्याची रिक्षा ४,००० ला ठरली तर ४०,०००. रिक्षावाल्या काकांना मे महिन्यातही थोडे द्या, नाहीतर जूनमध्ये दुसरं भाडं पकडलेलं असतं. संडासाची दुरुस्ती, खुर्ची, दांड्या १५,०००, हे पहिल्याच वर्षी. पॅड, कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या, बुटांची दुरुस्ती, आणि रुग्णालयाच्या चकरांत आईचा बुडालेला रोज यासाठी १५,०००. आईचा रोज भरून द्यायला लाजू नका. तिथेच निम्मे अर्ज थांबलेले असतात. उरले १०,०००, ते हातात ठेवा. दुसऱ्या वर्षापासून संडासाचे पैसे फिजिओथेरपीकडे वळवा. वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथे आधी दाखवा. आणि स्थानिक संस्थांनी आपल्या निधीतला ५ टक्के वाटा दिव्यांगांसाठी राखायचा नियम आहे, तेव्हा वॉर्डात लेखी मागणी टाकून ठेवा. एक खबरदारी: विटावा ठाणे महापालिकेत, दिघा नवी मुंबईत. पत्ता कुठला लागतो ते आधार आणि रेशनकार्डावर एकसारखं आहे का बघा. हद्दीजवळच्या घरांची दोन्हीकडून बोळवण होते.

३ डिसेंबरला फोटो हवाच असेल तर नव्या दांड्यांचा काढा. मुलीचा नको.

जायचंच तर या रविवारी मावशींबरोबर जा. एकट्या जा, बारा जण नको. मुलीशी बोला, आईशी नंतर. ती वाक्य पूर्ण करायला वेळ घेईल, मान वळवेल, लाळ पुसेल. तुम्ही तिचं वाक्य पूर्ण करू नका. शाळेत सगळ्यात कंटाळवाणा तास कुठला होता ते विचारा, म्हणजे ती बोलायला लागेल. मग पाण्याच्या बाटलीचं विचारा. आणि निघण्याआधी मावशींना विचारून घ्या की रविवारी वर पाणी किती वाजता येतं. त्या वेळेत जाऊ नका, तेव्हा घरात कुणाला बसून बोलायला फुरसत नसते.